नत्राचा हिशेब विक्रीवर नको, शिलकीवर मांडा

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या एका तरुण ऊस बागायतदारानं विचारलं आहे: "युरियामुळं पाणी, हवा, माती बिघडते आणि नत्राचं (नायट्रोजनचं) प्रदूषण निम्म्यावर आणायचं देशानं कबूल केलंय, असं ऐकतो. उद्या केंद्रानं धोरण आणलंच, तर आमच्या युरियावर कुऱ्हाड येणार का? आणि खरंच काही साधायचं असेल, तर त्या धोरणात काय असायला हवं?"

कुऱ्हाड येऊ नये. सरसकट आलीच, तर ती आधी चुकीच्या माणसावर पडेल. मी माती-पाणी परीक्षणात आणि खत सल्ल्यात उभी हयात घालवली ती याच जिल्ह्यात, त्यामुळं दिल्लीच्या धोरणाचं बोलतानाही माझ्या डोळ्यांसमोर भीमा आणि सीनेकाठची रानंच येतात.

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानात मालदांडी ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर येते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस कोरडवाहू रब्बी ज्वारीला मध्यम जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र आणि भारी जमिनीत ६० किलो. कित्येक रानांत तेवढंही पडत नाही. तिथून तासाभराच्या अंतरावर उजनीच्या कालव्याखाली ऊस उभा आहे. सुरू म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्या उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला ४०० किलोची, आणि प्रत्यक्षात शिफारशीच्या वर टाकणारे गावोगाव भेटतात. एकाच जिल्ह्यात एकाचं पीक उपाशी आणि दुसऱ्याचं नत्र विहिरीत. 'देशातला युरिया वीस टक्के कमी करा' असा हुकूम निघाला, तर ज्वारीवाल्याची भाकरी कमी होईल आणि ऊसवाला कुठून तरी पोतं मिळवेल. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की धोरणानं विकलेली पोती मोजू नयेत. शेतात गेलेलं नत्र वजा पिकाबरोबर बाहेर पडलेलं नत्र, ही जी शिल्लक राहते तीच प्रदूषण करते, आणि मोजायची ती तीच.

ही शिल्लक जाते कुठं, हे आपल्या मातीच्या संदर्भात समजून घ्या. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. तो मातीत पडला की ओलाव्यात विरघळतो, मातीतल्या युरीएज विकरामुळं त्याचा अमोनियम कार्बोनेट होतो आणि दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) आणखी चढतो. आपल्या जमिनी मुळातच चुनखडीच्या, सामू आठच्या वर. अशा जमिनीत, त्यात मार्च-एप्रिलच्या उन्हात, सरीत वरवर फेकलेल्या युरियातला अमोनिया सरळ हवेत उडतो. खत फेकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रानात जो उग्र वास येतो ना, तो तुमच्या खिशातल्या पैशाचाच.

जे उडत नाही त्याचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणाला धरून राहत नाही, पाण्याबरोबर चालतं. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि पाटपाणी सोडलं की पहिलं पाणी त्या भेगांतून थेट खाली मुरमात उतरतं, तिथून विहिरीत. उलट रान तुडुंब भरून वाफसा हरवला, की हवा नसलेल्या मातीत दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून सोडतात. त्यातला बराचसा निरुपद्रवी नायट्रोजन, पण काही भाग नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूचा एक किलो सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, आणि वरच्या ओझोन थरालाही खातो. या सगळ्या गळतीनंतर टाकलेल्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा पिकाच्या अंगी लागतो. नीट व्यवस्थापन असेल, तर निम्म्यापर्यंत जाता येतं.

विहिरींचं चित्र गंभीर आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानक मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत कुठं ना कुठं ही मर्यादा ओलांडलेली आढळली. महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मर्यादेबाहेर होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. आया पाणी उकळून देतात, त्यांना वाटतं काळजी घेतली. पण उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तुरटी, क्लोरीन, कापडाची गाळणी, कशानंच जात नाही. आरओनं जातं, पण गावच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं खारं पाणी शेजारच्याच गटारात सोडलं, तर तेच नायट्रेट पुन्हा जमिनीत उतरतं. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना ही एवढी गोष्ट सांगायला कुठल्याही नव्या धोरणाची वाट पाहायची गरज नाही.

आता शेतकरी जास्त युरिया का टाकतो? त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी जरा किमती पाहाव्यात. २६६ रुपये ५० पैशांचं पोतं म्हणजे नत्राचा किलो १३ रुपयांच्या आत. १,३५० रुपयांच्या डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फरस). नत्राचा भाव वजा केला, तर स्फुरदाचा किलो पन्नाशीच्या पुढं जातो. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशाला (पोटॅशला) अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं आणि त्यांच्या किमती बाजाराबरोबर हलू लागल्या. युरिया मात्र त्या योजनेबाहेर राहिला, त्याचा भाव सरकारनंच बांधून ठेवला. स्वस्त तेच जास्त पडणार, हे साधं गणित आहे. त्यात डीएपी किंवा १०:२६:२६ या मिश्रखतातलं नत्र फार थोडे जण हिशेबात धरतात. ते 'डोस' म्हणून पडतं आणि युरिया वेगळा.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं. ते चांगलंच झालं. नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो आणि कारखान्यांकडं जाणारा चोरटा युरियाही अडतो. २०१८ मध्ये पोतं ५० चं ४५ किलो झालं, कारण शेतकरी किलोत मोजत नाही, पोत्यात मोजतो. मृदा आरोग्य पत्रिका फेब्रुवारी २०१५ पासून आहे. बारा घटक त्यात येतात, पण ती पत्रिका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कुणी मागत नाही आणि खतविक्रीशी तिचा कसलाही संबंध जोडलेला नाही. माझ्या मते ही सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी. नॅनो युरियाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सुरुवातीच्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २० ग्रॅम नत्र होतं, पोत्यात २०.७ किलो. फवारणीनं पानाला थोडा हातभार लागत असेल, पण बाटली पोत्याची जागा घेते असं धरून राष्ट्रीय धोरण आखू नये.

२०२३ ची पीएम-प्रणाम योजना विचारानं बरोबर दिशेची. राज्यानं रासायनिक खत कमी वापरलं, तर वाचलेल्या अनुदानातला निम्मा हिस्सा राज्याला. अडचण मोजमापात आहे. तुलना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी वापराशी होते. आमच्यासारख्या जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी खताची विक्री आपोआप पडते. मग बक्षीस कुणाला, सुधारणेला की दुष्काळाला?

देशाच्या बाजूनं वचनं दिलेली आहेत. मार्च २०१९ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्राच्या शाश्वत व्यवस्थापनाचा ठराव भारतानंच पुढं आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या कोलंबो जाहीरनाम्यात २०३० पर्यंत नत्राची नासाडी निम्मी करण्याचं उद्दिष्ट ठरलं. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यातही वाया जाणारी अन्नद्रव्यं निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य आहे. पण घरात नत्राला धनी कुणी नाही. खत रसायन व खते मंत्रालयाकडं, पीक कृषीकडं, नदी जलशक्तीकडं, धूर पर्यावरणाकडं, सांडपाणी नगरविकासाकडं. प्रत्येकाकडं एकेक तुकडा. एक खातं नत्र स्वस्त करून विकतं आणि दुसरं ते नदीतून काढायला पैसे मागतं. त्यामुळं धोरणातली पहिली ओळ अशी असावी, की नत्राचा ताळेबंद दरवर्षी जिल्हावार आणि खोरेवार एकाच यंत्रणेनं मांडायचा आणि जाहीर करायचा.

हे कागदावर राहील असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण ऊसपट्ट्यात या ताळेबंदाचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. तुमच्या कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसला तुमच्या उसाची नोंद असते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा वाढवलेला ऊस). काट्यावर टन मोजले जातात. दुसरीकडं खत दुकानातल्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) आधार लावून विकलं जातं. या दोन नोंदी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. त्या जोडल्या, तर कुठल्या गटात एकरी किती नत्र गेलं आणि किती टन निघाला, हे एका हंगामात कळेल. मला ठाऊक आहे, पोतं एकाच्या अंगठ्यावर निघतं आणि पडतं दुसऱ्याच्या रानात, त्यामुळं शेतकरीनिहाय आकडा कच्चा राहील. पण गावाचा किंवा गटाचा आकडा बराचसा खरा येईल, आणि सुरुवातीला तेवढा पुरेसा आहे. या आकड्यावरून दंड करायचा नाही. ज्या गटात शिल्लक जास्त, तिथं माणूस पाठवायचा, माती-पाणी तपासायचं, डोस बसवून द्यायचा.

कारखान्यानं हे का करावं? कारण यात त्याचाही फायदा आहे. उशिरा आणि जादा दिलेलं नत्र ऊस हिरवा ठेवतं, पक्वता लांबवतं, ऊस लोळवतं आणि साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, खाली आणतं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्यावर बांधलेली आहे. उतारा घसरला, तर कारखाना आणि शेतकरी दोघंही मार खातात. द्राक्षवाल्यांकडं बघा. पंढरपूर-कासेगाव भागात पानांच्या देठांचं परीक्षण केल्याशिवाय डोस ठरवत नाहीत, कारण जादा नत्रानं वेल माजते आणि घड कमी होतात, हे त्यांनी सोसलंय. डाळिंबवालेही कोवळी लुसलुशीत फूट आणि तेलकट डाग रोगाची भीती जाणून हात आखडता घेतात. उसाला हात सैल सुटतो, कारण उसात नुकसान लगेच डोळ्यांना दिसत नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं, तर सुरू उसाला हेक्टरी २५० म्हणजे एकरी १०० किलो नत्र. सगळं युरियातून दिलं, तरी पाच पोत्यांच्या आत बसतं, आणि डीएपी किंवा मिश्रखत दिलं असेल तर त्याहून कमी. तेही एकदम नाही. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) उरलेलं चाळीस. फेकून देऊ नका. पहारीनं भोक पाडून बुडख्याजवळ द्या आणि माती झाका, नाहीतर ठिबकमधून थोडं थोडं सोडा. एवढ्या एका बदलानं अमोनिया उडणं मोठ्या प्रमाणात थांबतं. पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचटात चाळीस-पन्नास किलो नत्र असतं, जाळलं की ते धुरात जातं. सरीत बसवून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला त्याचा आधार मिळतो.

किमतीचा प्रश्न धोरणाला टाळता येणार नाही. युरिया कधीतरी अन्नद्रव्य अनुदानाच्या चौकटीत आणावाच लागेल. पण भाव आधी वाढवून पैसे नंतर देतो म्हणायचं, हे चालणार नाही. वाचणारं अनुदान एकरी रकमेच्या रूपानं हंगामाआधी खात्यात जमा व्हावं, कोरडवाहू आणि बागायत दोघांना एकाच दरानं, आणि मग भाव टप्प्याटप्प्यानं चढावा. यात ज्वारी-तुरीचा शेतकरी फायद्यात राहतो, कारण तो नत्र कमी वापरतो. तूर, हरभरा, मूग, उडीद ही पिकं हवेतलं नत्र स्वतः बांधतात. बार्शी-अक्कलकोटचा तूर उत्पादक एका अर्थानं देशाचा युरिया वाचवतो, पण कुठलीही योजना त्याला त्याचे पैसे देत नाही. धोरणानं ते द्यावेत. घाईचं काय होतं ते श्रीलंकेनं २०२१ मध्ये दाखवलं. रासायनिक खतावर अचानक बंदी, पीक कोसळलं, आणि वर्ष संपायच्या आत माघार. उलट डेन्मार्कनं १९८७ पासून टप्प्यानं शेतवार नत्राचा हिशेब, शेण-मूत्र साठवणुकीचे नियम आणि खताच्या वेळा ठरवत नेल्या, आणि उत्पादन न घालवता शिल्लक साधारण निम्म्यावर आणली. त्यांना अनेक दशकं लागली. आपल्यालाही काही वर्षांत सगळं होणार नाही, पण आधी मोजायला तर लागू.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे मांडतो, कारण नत्राच्या चर्चेत तिच्यावर फार कमी बोललं जातं. उजनी उन्हाळ्यात हिरवी का पडते? मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या नद्या भीमेला मिळून उजनीत येतात, आणि त्यांच्यातून पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी येतं. २०११ च्या जनगणनेत या दोन शहरांत मिळून सुमारे ४८ लाख माणसं होती. माणशी दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं धरा. प्रथिनात १६ टक्के नत्र, म्हणजे वर्षाला माणशी साडेतीन किलो नत्र शरीराबाहेर पडतं. ४८ लाखांचं झालं जवळपास १७ हजार टन. युरियाच्या भाषेत आठ लाख पोती, दरवर्षी, आणि लोकसंख्या त्यानंतर वाढलीच आहे. सगळं धरणात पोचत नाही. काही प्रक्रियेत, काही वाटेत जातं. पण नेहमीची सांडपाणी केंद्रं सेंद्रिय घाण काढायला बांधलेली असतात, नत्र काढायला नाही. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत सांडपाण्यासाठी नत्राची मर्यादाच नव्हती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं लिटरला १० मिलिग्रॅम एकूण नत्राची मर्यादा पाळायला सांगितली. राष्ट्रीय धोरणात ही मर्यादा तारखेसह बांधली गेली पाहिजे. हेच पाणी सोलापूर शहर पितं, याच पाण्यावर पंढरीत चंद्रभागेचं स्नान होतं. शेतकऱ्याला पोत्याचा हिशेब मागणाऱ्या धोरणानं महानगराला मैलापाण्याचा हिशेब मागितला नाही, तर ते धोरण गावात कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

हवेचं थोडक्यात. औष्णिक वीज केंद्रं आणि डिझेल यांच्यातून नत्राची ऑक्साइडं निघतात आणि शेतातल्या अमोनियाशी मिळून सूक्ष्म धूलिकण तयार करतात. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण त्यात सगळं लक्ष धुळीवर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांनी डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. २०१७ पासूनच्या नव्या वीज केंद्रांना घनमीटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इथं नियम आहेत, अंमल हवा. अमोनियाला मात्र शेती आणि गोठ्याच्या बाजूनं कुणीच हात लावलेला नाही.

शेवटी तुम्ही या हंगामातच करू शकता असं एक काम. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नायट्रेटसाठी तपासून घ्या. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मगच स्वच्छ बाटली भरा, थंड ठेवा, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. लिटरला मिलिग्रॅममध्ये आलेल्या नायट्रेटच्या आकड्याला ०.०९ नं गुणा. दर १०० मिलिमीटर पाण्यामागं एकरी तेवढे किलो नत्र तुमच्या रानात पाण्यातूनच जातंय. नायट्रेट ४५ असेल आणि वर्षभरात विहिरीचं १,००० मिलिमीटर पाणी दिलंत, तर झाले ४० किलो, म्हणजे जवळपास दोन पोती युरिया. त्यातलं सगळं मुळांना मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षी मोठ्या बांधणीच्या हप्त्यातून एकच पोतं कमी करा. चार सऱ्या नेहमीच्या डोसवर ठेवा आणि तोडणीला दोन्हीकडचं वजन वेगवेगळं घ्या. आणि आकडा ४५ च्या वर आला, तर शेताचं नंतर बघा. आधी त्या विहिरीचं पाणी घरातल्या तान्ह्या बाळासाठी बंद करा आणि कागद ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.